बाहेरच्या गाडीला बंदी

नागपूरच्या गॅरेजवाल्याने फियाटची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, पण आपली बोटं काही लगेच काढून घेतली नाहीत.

“ताई, गाडी खाजगी आहे. भाड्यानं देतो हे कोनाले कळू देऊ नका,” तो म्हणाला. “नाक्यावर विचारलं तर मामाची गाडी म्हणा. अन् पांढुर्ण्यात बाजाराच्या दिवशी मेन रोडवर बाहेरच्या गाडीले बंदी असते. बोर्ड लागला आहे. तिथं सापडले तर चालान (दंडाची पावती) तं होईलच, वरून गाडी ठाण्यात लावून ठेवतेत.”

पंच्याऐंशी सालचा फेब्रुवारी होता. मी पुण्याच्या कॉलेजात गणित शिकवत होते. गाडी चालवायला लागून पाच वर्षं झाली होती आणि त्या पाच वर्षांत मला एकदाही कोणी शिट्टी मारून थांबवलं नव्हतं. ग्रंथालयाचं पुस्तकसुद्धा मी कधी एक दिवस उशिरा दिलेलं नाही. गॅरेजवाल्याचं बोलणं मी मनात पक्कं बसवलं आणि बाबांसाठी पुढचं दार उघडलं.

बाबा त्र्याहत्तर वर्षांचे. त्यांचा जन्म सौंसरजवळच्या मोहगावचा. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, तिला ते माई म्हणत, लग्न होऊन पांढुर्ण्यात गेली आणि तिथलीच झाली. मोहगावचं घर विकताना दोघांत काहीतरी बोलाचाली झाली आणि अकरा वर्षं एकमेकांची तोंडं पाहिली नाहीत. आता तिचा मुलगा तिला कायमचं जबलपूरला नेणार होता. तिने पोस्टकार्ड टाकलं : दुपारी पावणेदोनच्या गाडीने जाते, येऊन जा. बाबांनी उलट टपाली कळवलं, गाडी घेऊन सकाळीच येतो, तुला मोहगाव दाखवून आणतो आणि मग स्टेशनावर सोडतो. एवढ्यासाठी आम्ही पुण्याहून आलो होतो.

सावनेरच्या अलीकडे चाक बसलं. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नव्हती. मी दोन्ही चाकं एका ट्रकवर चढवून सावनेरला नेली, दुकान उघडायची वाट पाहिली, परत आले. बाबा तोपर्यंत बाभळीखाली रुमाल पसरून बसले होते. या सगळ्यात तीन तास गेले. मोहगावचा बेत बारगळला, हे दोघांनाही कळलं होतं.

नाक्यावर मी गाडी हळू केली. मामाचं नावही मी ठरवून ठेवलं होतं. शिपायाने खाटेवरूनच हात हलवला, जा.

मध्य प्रदेशात शिरलो आणि बाबांची बोली बदलली. पुण्यात चाळीस वर्षं तोलून मापून मराठी बोलणारा हा माणूस काचेवर बोट ठेवून म्हणाला, “हे पाय (पाहा), सुधा. बैलगाड्या कापूस घेऊन चालल्या. आमचे बाबा असेच नेत. माई वर बसून राहे, खाली उतराले तयारच नसे.” दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे होते, काही झाडांवर अजून फळ होतं. बाबा एकटेच हसत होते.

पांढुर्ण्याला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. “आता घरी नको, सरळ स्टेशनावर घे,” बाबा म्हणाले. मेन रोडच्या तोंडाशीच तो बोर्ड होता. पत्रा गंजलेला, अक्षरं उडालेली, वरचा कोपरा कुठल्याशा जाहिरातीच्या कागदाखाली गेलेला. मी वाचलं : बाहरी वाहनों का प्रवेश वर्जित (बाहेरच्या वाहनांना बंदी). पलीकडे भाज्यांचे ढीग, मिरच्यांची पोती, माणसांची रेटारेटी आणि एक हवालदार.

मी ब्रेक दाबला. शेजारच्या पानठेल्यावाल्याने मान बाहेर काढली. “कुठं जाता, बाई?”

“स्टेशनला. दुसरा रस्ता आहे का?”

“आहे ना, तिकडून रेल्वे फाटकावरून. पण लय फेरा पडते. हे काय, बाजारातून पाच मिनटं. चाला ना सिधे.”

“बंदी आहे ना?”

“कोन पाहून राहिलं?” असं म्हणून तो पुन्हा पानाला चुना लावू लागला.

तेवढ्यात एक जीप आमच्या बाजूने गेली आणि खुशाल गर्दीत शिरली. तिच्यावर मध्य प्रदेशचाच नंबर होता. बाबा म्हणाले, “जा सरळ. दंड मी भरतो.”

“दंडाचं नाही, बाबा. गाडी ठेवून घेतील. मग आपण काय करायचं?”

“आपण चालत जाऊ.”

“तुमच्या गुडघ्याने?”

वडिलांना गप्प करणारा प्रश्न विचारला की आपण बरोबर आहोत असं वाटतं. मी गाडी वळवली.

रस्ता गोठ्यांच्या मागून, कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या भिंतीला धरून जात होता. एकदा चुकलो, एकदा म्हशींनी अडवलं. फाटकापाशी आलो तेव्हा ते बंद होतं आणि फाटकवाला हिरवी झेंडी गुंडाळून उभा होता. गाडी स्टेशनातून नुकतीच सुटली होती, हळू होती. बाबा दार उघडून उतरले. माझा हात धरायलाही थांबले नाहीत. फाटकाच्या दांड्याला धरून ते एकेक खिडकी पाहत राहिले. खिडक्यांत खूप बायका होत्या, पांढऱ्या केसांच्याही होत्या. त्यांनी एकदाच हाक मारली, “माई.” मोठ्याने नाही. मग गार्डचा डबा गेला.

“जबलपूरची हीच का?” मी विचारलं.

“हेच. इटारशीले बदलतेत,” फाटकवाला म्हणाला. “रोज घंटा-दीड घंटा लेट असते. आज टायमावर आली.”

तरी स्टेशनावर गेलो. प्लॅटफॉर्मवर एक बाई हातात डबा घेऊन उभी होती. बाबांना पाहून ती जवळ आली. बाबांचा चेहरा बहिणीसारखाच असावा, म्हणून तिने ओळखलं. ती आत्याची शेजारीण होती.

“भाऊ, आता आले तुमी?” ती म्हणाली. “माय सकाळपासून पायरीवर बसून होती. गाडीत चढाले तयार नव्हती. पोरानं हात धरून चढवलं. हा डबा तुमच्यासाठी ठेवून गेली.”

बाबांनी डबा घेतला आणि विचारलं, “रागावली काय?”

“नाही. म्हने, त्याचं काही अडलं असन.”

शेजारणीला घरी सोडायचं होतं. ती बाजाराच्या मागेच राहत होती. मी पुन्हा फाटकाकडे गाडी वळवू लागले तेव्हा ती म्हणाली, “तिकडून कायले? मेन रोडनं चाला.”

“बाहेरच्या गाडीला बंदी आहे.”

“कायची बंदी? ते तं टरकासाठी आहे.”

बाजारातून गेलो. हवालदाराने स्वतः एक हातगाडी बाजूला करून आम्हाला वाट दिली. तिला सोडून रस्त्याच्या तोंडाशी आले, उतरले आणि बोर्डाजवळ गेले. ‘बाहरी’ नव्हतं. ‘भारी’ होतं. भारी वाहनों का प्रवेश वर्जित. जड वाहनं. गॅरेजवाल्याने जे सांगितलं तेच मी त्या उडालेल्या अक्षरांत वाचलं होतं. बाबाही काच खाली करून वाचत होते. मी गाडीत येऊन बसले. त्यांनी काच वर केली.

परतताना सौंसरला बसस्टँडसमोर थांबलो. मी विचारलं, “मोहगावला जायचं?” बाबांनी नकारार्थी मान हलवली. तिला दाखवायचं होतं, एकट्याने पाहायचं नव्हतं. त्यांनी डबा उघडला. सांबारवडी होती (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात), ज्वारीची भाकरी आणि ठेचा. बाकावर बसून त्यांनी सगळं खाल्लं, सावकाश, मला एक वडीही न देता. मीही मागितली नाही.

नागपुरात गॅरेजवाल्याने गाडीभोवती फेरी मारली. “चालान नाही झालं ना कुठं?”

“नाही.”

“मंग झालं तर,” तो खूश होऊन म्हणाला. “तुमच्यासारखं चालवनारं कोनी नाही, ताई.”

दीड वर्षाने आत्या जबलपुरातच गेली. तार मिळाली तेव्हा तिकडचं सगळं उरकलं होतं. भेटायला आलेल्या प्रत्येकाला बाबा सांगत, त्या दिवशी आम्ही वेळेवर पोचलो होतो, रेल्वेनेच गाडी वेळेआधी सोडली. कोणी म्हणे, असं कधी होतं का, तर ते हट्टाने म्हणत, होतं, आमच्या बाबतीत झालं. मी तिथेच बसलेली असायचे, आलेल्यांना चहा देत. आयुष्यभर मुलांच्या उत्तरातली चूक तांबड्या शाईने दाखवत आले, पण बाबांचं हे उत्तर मी एकदाही दुरुस्त केलं नाही.