पिवळं नाही आलं

भावोजी प्रिंटर दुरुस्त करतात आणि ताई भावोजींना दुरुस्त करते, असं आमच्या घरात गमतीनं म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत भावोजींचं दुकान होतं. हातात कसब होतं, पण नजर अधू. पांढऱ्या कागदावरची पिवळी शाई तरण्याताठ्या डोळ्यांनाही धड दिसत नाही, त्यांना तर मुळीच दिसायची नाही. म्हणून दुरुस्ती झाली की टेस्ट पेज आत ताईकडे जायचं. ती भाजी चिरता चिरता कागद खिडकीशी धरायची.

"पिवळं नाही आलं."

"अगं, आलंय की."

"तुमच्या डोक्यात आलं असेल. कागदावर नाही."

मग भावोजी कुरकुरत प्रिंटरचं शाई सोडणारं हेड पुन्हा धुवायला घ्यायचे. दुकानाचं नाव टिकलं ते ताईच्या या फटकळपणामुळे.

शाईचा प्रिंटर चालता ठेवावा लागतो, नाहीतर हेडच्या बारीक भोकांत शाई वाळून बसते, हे भावोजी येणाऱ्या-जाणाऱ्याला घसा कोरडा होईपर्यंत सांगत. पण ताईच्या आजारपणात घरचा जुना प्रिंटर महिनोन्‌महिने बंद पडून राहिला. ती गेल्यावर त्यांनी तो उघडला, हेड धुतलं आणि तिचा गच्चीवर हसतानाचा फोटो छापला. बाहेरून छापून आणू, असं भाची म्हणाली होती. ते चिडले. "तिचा फोटो दुसऱ्याच्या मशीनवर? मग मी जन्मभर केलं काय?"

मी राहायला गेले तेव्हा फोटो समोरच्या भिंतीवर लागला होता. मी जवळ जाऊन बघितला. पिवळा रंग जवळजवळ उतरलाच नव्हता. गालांवर निळसर जांभळी छटा, ओठ काळपट. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात ताई अशीच दिसत होती.

"छान आलाय ना?" भावोजींनी विचारलं.

भाचीनं त्यांच्या पाठीमागून मला नको नको अशी खूण केली. तिनं, शेजारपाजाऱ्यांनी, सगळ्यांनी तोंडदेखलं छानच म्हटलं होतं. माझ्या जिभेला हाड नाही असा माझा लौकिक, पण त्या दिवशी ती टाळ्याला चिकटली. "एक टेस्ट पेज काढा बघू," एवढंच मी म्हणाले.

कागद आला. मी तो खिडकीशी नेला. काळ्या, निळ्या, गुलाबी रेघा सलग होत्या. पिवळ्या रेघांचे मात्र मधूनमधून दोन-चार तुकडेच उमटले होते, बाकी जागा कोऱ्या.

"पिवळं नाही आलं, भावोजी."

"ती गेल्यापासून हे कुणी म्हटलंच नव्हतं," ते म्हणाले, आणि बाह्या सरसावून कामाला लागले. त्यांना आनंद झालेला मला दिसत होता आणि तो बघवत नव्हता. कोमट पाण्यात भिजवलेली कापडाची घडी त्यांनी हेडखाली सरकवून ठेवली. मग बारीक नळी लावलेल्या सिरिंजनं, बाळाला औषध पाजावं तसं, थेंब थेंब पाणी आत सोडलं. दर धुण्यानंतर नवा कागद निघे आणि मी तो आधीच्या कागदाशेजारी धरून बघे.

"गाळलेल्या जागा सरकतायत का गं?"

"नाही. तिथल्या तिथेच आहेत."

त्यांनी सिरिंज खाली ठेवली. "चोंदलेलं असतं तर धुतल्यावर थोडंतरी इकडंतिकडं झालं असतं. हे जळालंय. याचं हेड आता कुठे मिळायचं नाही." त्यांनी प्लग काढला आणि वायर गुंडाळून ठेवली. मग फोटोकडे वळले.

"म्हणजे त्यातही पिवळं नाही. कशी दिसते ती?"

भाची उठून आत गेली. मला खोटं बोलायचं होतं. पण या माणसाला खरं सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"शेवटच्या आठवड्यात दिसायची तशी."

भावोजी फोटोजवळ गेले. नाक काचेला लागेल इतके जवळ जाऊन बघत राहिले.

"मला तर बरी झालेली दिसते गं," ते म्हणाले.

मला रडू आवरलं नाही. उद्याच बाहेरून दुसरा छापून आणते, हा उतरवू या, असं मी कसंबसं म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि स्वतःच स्टुलावर चढून फोटो उतरवला. काच सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि फोटो छातीशी धरून ते झोपायच्या खोलीकडे निघाले.

"इथे तुमच्यासाठी चांगला लावा," ते म्हणाले. "हा आत राहू दे. तिथे मी एकटाच असतो."