तक्रार खिडकीवरचं चिलखत

बावीस वर्षं फायलींच्या खोलीत काढल्यावर बाईंची बदली तक्रार खिडकीवर झाली, तेव्हा कचेरीतल्या एकाही माणसाने त्यांचं अभिनंदन केलं नाही. टायपिस्टने तर हातातलं बिस्कीट खाली ठेवलं आणि नुसतंच ‘अरेरे’ म्हटलं.

कचेरी पाणीपुरवठ्याची. तक्रार खिडकी म्हणजे तळमजल्यावर जिन्याखाली बसवलेली एक काच. बोलायला तिच्यात बशीएवढं भोक, आणि कागद सरकवायला खाली फट. आधीचा कारकून तिथे चौदा महिने टिकला. मग एक दिवस डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन जो गेला तो गेलाच.

आता बाईंचा स्वभाव असा, की दुकानदाराने चुकून दुसऱ्याचा पाव बांधून दिला तर त्या तोच खात, परत करायला जात नसत. फायली त्यांना आवडत, कारण फायली उलटून बोलत नाहीत. कोणी आवाज चढवला की त्यांची जीभ टाळ्याला चिकटे, आणि चोख उत्तर सुचे ते संध्याकाळी घरी, भांडी घासताना. त्यांचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करी. दिवसभर काच आणि संध्याकाळी हे. कचेरीतल्या कोणालातरी द्यायचं उत्तर तो बिचारा ओट्याशी उभा राहून मुकाट्याने ऐकून घेई आणि शेवटी विचारी, “हे मला म्हणालीस का?”

पहिल्याच दिवशी खिडकीवर सदतीस माणसं आली. कोणाच्या नळाला पाणी नाही, कोणाच्या नळाला नुसती हवा, एका बाईंच्या नळातून म्हणे शिट्टी ऐकू येते. सगळ्यांनी मिळून बाईंना असं झापलं, जणू शहराचा सगळा पाणीसाठा त्यांनीच पिऊन टाकलाय. पाणीखात्यात बसून बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. जेवणाच्या सुट्टीत त्या मोरीत जाऊन रडल्या, तोंड धुतलं, परत येऊन बसल्या. तीन आठवडे हाच क्रम. तोंड धुवायला पाणी मात्र तिथे भरपूर होतं.

रविवारी त्या चर्चमध्ये गेल्या. दर रविवारी जातच, मागून तिसऱ्या बाकावर खांबाच्या आड बसत. त्या दिवशी पास्टर देवाच्या शस्त्रसामग्रीवर बोलले. विश्वासणाऱ्याने रोज सकाळी अंगावर काय काय चढवायचं ते त्यांनी एकेक करून सांगितलं: कमरेला सत्य, छातीला नीतीचं चिलखत, पायांत शांतीच्या वहाणा, हातात विश्वासाची ढाल, डोक्यावर तारणाचं शिरस्त्राण, आणि आत्म्याची तलवार. “हे सगळं घातलेल्या माणसाला,” पास्टर म्हणाले, “जळते बाण लागले तरी विझून खाली पडतात.”

बाई खांबाआडून पुढे सरकल्या. सदतीस माणसं, दर माणशी निदान तीन बाण. हिशोब त्यांनी जागच्या जागी केला आणि ठरवलं, आपल्याला हे हवंच आहे.

सोमवारपासून त्या पंधरा मिनिटं लवकर येऊ लागल्या. फायलींच्या जुन्या खोलीत कपाटांच्या मधोमध उभ्या राहत, डोळे मिटत आणि प्रार्थना करत करत एकेक वस्तू अंगावर चढवत. आता मनातल्या मनात चढवली तरी चालली असती. पण बाई बावीस वर्षं रेकॉर्डात काम केलेल्या. कागद हातात घेतल्याशिवाय तो आला असं त्या मानतच नसत. म्हणून कमरेला पट्टा आवळत, छातीवर दोन थापट्या मारत, वाकून वहाणा घालत, डाव्या हाताने ढाल उचलून बघत, डोक्यावर दोन्ही हातांनी शिरस्त्राण दाबून बसवत, आणि शेवटी म्यानातून तलवार ओढून एकदा धार बघत.

चौथ्या दिवशी शिपाईमामांनी ते पाहिलं.

शिपाईमामा निवृत्तीला आलेले, गुडघे दुखत असल्याने सगळीकडे उशिरा पोचणारे. पण त्या दिवशी साहेबांच्या खोलीत ते धावत पोचले. “साहेब, खिडकीमुळे बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. आत एकट्याच आहेत आणि हवेत कोणालातरी भोसकतायत.”

साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. बाईंनी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. साहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले.

“म्हणजे कचेरीत तलवार आहे?”

“दिसत नाही ती, साहेब.”

“ते ठीक आहे. पण कामाच्या वेळेत नको. आणि माझ्या खोलीत आणू नका.”

एवढ्यावर निभावलं. आणि खरंच सांगायचं तर फरक पडू लागला. लोक ओरडत तेव्हाही बाईंना भीती वाटे, पण आता ती मोरीपर्यंत जात नसे. कोणाचा आवाज चढला की नकळत त्यांचा डावा हात ढाल धरल्यासारखा वर जाई. समोरचा माणूस गोंधळून बोलायचा थांबे. एका आजीने तर स्वतःच्या नळाची तक्रार अर्धवट सोडून हात कधीपासून दुखतो ते विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी मलमाची डबी फटीतून आत सरकवली.

पण खिडकीवर एक माणूस असा होता, की त्याच्यापुढे ढालही वाकली असती. तो निवृत्त बँडमास्तर. चाळीस वर्षं ढोलताशांच्या वरताण ओरडून सूचना दिलेला माणूस. ‘नमस्कार’ म्हणाला तरी खिडकीची काच थरथरे. दर सोमवारी तो घरच्या नळाचं पाणी बरणीत भरून आणायचा आणि बरणी भोकापुढे धरायचा. पाणी कसलं, दूध घालायला विसरलेला चहा. आणि वास.

खिडकीच्या आतल्या बाजूला आधीच्या कारकुनाने एक पुठ्ठा चिकटवून ठेवला होता. त्यावर लिहिलेलं होतं: नमुना तपासला, पाणी पिण्यास योग्य आहे. कोणी बरणी आणली की हे वाक्य वाचायचं आणि रजिस्टरात ‘समाधान झाले’ असं लिहायचं, अशी रीत होती. बाईही तसंच करत आल्या होत्या. बँडमास्तर मग तोंडाचा पट्टा सोडी, बाई ढाल धरून बसत, आणि अर्ध्या तासाने तो बरणी उचलून जाई. समाधान झाल्याची नोंद झालेली असे.

मग एका सोमवारी बाई कपाटांमध्ये उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वस्तूपाशी अडल्या. पट्टा. कमरेला सत्य. हात कमरेपाशी गेले आणि तिथेच राहिले. आजवर हा पट्टा त्यांनी घाईघाईत बांधला होता, कारण सगळं लक्ष ढालीवर. तेवढ्यात बाहेरून काचेची थरथर ऐकू आली. बँडमास्तर आला होता.

“प्रभू,” बाई पुटपुटल्या, “तो माणूस खरं बोलतोय. आणि मी दर सोमवारी त्याला खोटं पाडते. तुझ्याकडे रोज संरक्षण मागते, आणि करते हे.”

मग त्यांना भयंकर भीती वाटली, कारण आता पुढे काय करायचं ते त्यांना कळून चुकलं होतं. वहाणा, ढाल, शिरस्त्राण, तलवार सगळं तसंच राहिलं. नुसत्या पट्ट्यावर त्या खिडकीत जाऊन बसल्या.

बँडमास्तरने बरणी ठेवली. छाती फुगवली.

“घाण आहे,” बाई म्हणाल्या.

बँडमास्तरची छाती फुगलेलीच राहिली. “काय?”

“पाणी घाण आहे. माझ्या घरी असलं आलं तर मी झाडांनाही घालणार नाही.”

बँडमास्तरने खिशातून चार घड्यांचा कागद काढला, उलगडला, परत बाईंकडे पाहिलं. त्याचा आवाज चक्क खाली आला होता. “पण मी सात मुद्दे लिहून आणलेत.”

“वाचा ना. मी ऐकते.”

त्याने वाचले. ओरडून लिहिलेले मुद्दे हळू आवाजात वाचताना तो दोनदा अडखळला. तिसरा मुद्दा बाईंच्या खानदानाबद्दल होता, तो त्याने गाळला. बाईंनी रजिस्टरात लिहिलं: पाणी गढूळ, वास येतो, मी स्वतः पाहिले. खाली सही केली. मागच्या माणसाने मान पुढे काढली, “आमच्याकडेही असंच येतं, लिहा.” त्याच्या मागच्याने, “आमच्याकडेही.” जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच रस्त्यावरच्या अकरा घरांच्या नोंदी झाल्या.

दुपारी साहेबांनी रजिस्टर मागवून घेतलं. पेपरवेट फिरवायचंही ते विसरले.

“हे काय लिहिलंय बाई? खोडता येईल ना?”

“येईल, साहेब.” बाईंनी रजिस्टर मिटलं. “पण मी खोडणार नाही.”

हे वाक्य आपल्याच तोंडातून बाहेर पडलं यावर बाईंचा विश्वास बसेना. आणि तेही समोरासमोर, भांडी न घासता. साहेबांचाही बसला नसावा, कारण त्यांनी ते परत म्हणायला लावलं. मग मेमो दिला: तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.

घरी बाईंनी मेमो टेबलावर ठेवला. नवऱ्याने चष्मा लावून तो वाचला, चष्मा पुसून परत वाचला.

“अहो, नोकरी गेली तर?”

“तर तू घरी असशील,” नवरा म्हणाला. थोडा विचार करून पुढे म्हणाला, “नोकरी जाऊ नये म्हणून आपण प्रार्थना करू.”

बुधवारी त्या पास्टरांकडे गेल्या. पास्टर अंगणात सायकल उलटी करून चेन बसवत होते, कोपरापर्यंत ग्रीस. बाईंनी एका दमात सगळं सांगितलं आणि मेमो पुढे केला. “पास्टर, तुम्ही म्हणालात बाण विझतील. मी पट्टा बांधला तर हा आला.”

पास्टरांनी मेमो वाचला. हाताचं ग्रीस त्याच्या कोपऱ्याला लागलं. “ताई, खरं सांगू? तो संदेश मी शनिवारी घाईत लिहिला होता. चिलखत घातल्यावर माणसाला लढाईवर पाठवतात, हे सांगायचं राहूनच गेलं.”

“हे आधी सांगायला हवं होतं.”

“हो,” पास्टर ओशाळून म्हणाले. “घाबरलात?”

“खूप.”

“मीही घाबरलो असतो. चला, जे आहे ते त्याला सांगू.”

दोघांनी उलट्या सायकलीशेजारी उभं राहून प्रार्थना केली. या वेळी बाईंनी हात हलवले नाहीत, काही बांधलं नाही, काही डोक्यावर चढवलं नाही. फक्त म्हणाल्या, “प्रभू, मला भीती वाटते. तू जवळ राहा.” भीती गेली असं झालं नाही. पण कोणीतरी येऊन शेजारच्या खुर्चीवर बसावं आणि मग डॉक्टरच्या दारातली वाट बघणं सोपं व्हावं, तसं काहीसं झालं. परत जाताना त्यांनी वाटेत पाव घेतला, आणि दुकानदाराने शिळा दिला म्हणून बदलून मागितला. दुकानदार चाटच पडला.

खुलासा एका ओळीचा गेला: पाणी घाण होते म्हणून घाण लिहिले.

आता खात्याचा एक नियम असा, की रजिस्टरात तक्रार खरी असल्याची सही पडली तर सात दिवसांत लाइन खोदून बघायची. हा नियम कोणालाच माहीत नव्हता, कारण तशी सही आजवर कोणी केलीच नव्हती. तो रजिस्टराच्या मागच्या पानावर छापलेला निघाला, आणि फिटर कुदळी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना एका गटाराच्या पोटातून गेलेला आणि सांध्याशी पार कुजलेला पाइप सापडला. कुठेतरी पाणी मुरतंय असं बँडमास्तर वर्षभर ओरडत होता, ते शब्दशः खरं निघालं. पाइप बदलला. अकरा घरांत स्वच्छ पाणी आलं. वरच्या कचेरीतून पत्र आलं, त्यात साहेबांच्या दक्षतेचं कौतुक होतं.

साहेबांनी बाईंना बोलावलं, बसायला सांगितलं, चहा मागवला. “तो मेमो, बाई... त्याचं काय झालं कोण जाणे. फाइलच सापडत नाही. गेला असेल कुठेतरी. सोडून द्या.”

“तिसऱ्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात आहे, साहेब,” बाई म्हणाल्या. “आणू का?”

साहेबांनी डोळे मिटून घेतले. “बाई, तुमचा तो पट्टा जरा सैल करता येतो का?”

पुठ्ठा बाईंनी स्वतःच्या हाताने काढून टाकला. बँडमास्तर अजूनही सोमवारी येतो. पाण्याबद्दल काही बोलायला उरलं नाही म्हणून तो विजेची तक्रार घेऊन येतो, आणि ती या कचेरीत घेत नाहीत हे बाई त्याला दर सोमवारी सांगतात. तो मुद्दे वाचून दाखवतो, बाई ऐकतात.

मात्र बाईंचा धीर जसा वाढला तशी एक नवीनच पंचाईत झाली. जी उत्तरं पूर्वी संध्याकाळी सुचायची ती आता खिडकीवरच सुचू लागली, आणि बाहेरचे बाण थोपवावेत की आपलेच आवरावेत हा रोजचा प्रश्न होऊन बसला. परवाचीच गोष्ट. नळाचा मीटर उलटा फिरतो म्हणून एक बाई तावातावाने भांडली. आणि आपल्या बाईंनी तिला असं काही सुनावलं, की शिपाईमामांनी जिन्यावरच बसकण मारली. ती बाई पाय आपटत निघून गेली. आपल्या बाईंनी रजिस्टरात नोंद करायला पेन उचललं. मग पेन हातात तसंच घेऊन उठल्या, खिडकी उघडी टाकून रस्त्यावर पळाल्या आणि बस थांब्यावर त्या बाईला गाठलं. धापा टाकत म्हणाल्या, “माफ करा, मी असं बोलायला नको होतं.”

ती बाई जाम दचकली. “अहो, मी आत्ता कुठे शांत होत होते,” ती म्हणाली. “आणि तुमच्या खिडकीवर आता कोण आहे?”