स्वराच्या दाढेत मी काय बंद केलं

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, आणि तोही दातांचाच डॉक्टर आहे. कदाचित म्हणूनच नसेल सांगितलं — बाकी कुणालाही गुंडाळता येईल, त्याला पाच मिनिटांत कळेल.

कुंडलमध्ये माझा दवाखाना आहे. लहान मुलांचे किडके दात मी सुई न टोचता, मशिन न लावता साफ करते, म्हणून पार पलूसहून बायका पोरं घेऊन येतात. पद्धत साधी आहे. पपईच्या चिकापासून केलेलं एक जेल किडीवर ठेवायचं, अर्धा मिनिट थांबायचं. किडलेला भाग मऊ पडतो, तो बारीक चमच्यासारख्या हत्याराने अलगद खरवडायचा. जेल गढूळ झालं म्हणजे कीड अजून आहे. पुन्हा ठेवायचं, पुन्हा खरवडायचं, जेल स्वच्छ राहीपर्यंत. मग दात भरायचा. पद्धतीत खोट नाही, हे आधीच सांगते. पण ‘पोरांना न रडवणारी डॉक्टर’ असं म्हणत लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि मी चढले.

स्वरा तेव्हा चार वर्षांची. बाप सैन्यात, घरी आई राजश्री आणि आजी. खालची दाढ किडलेली. राजश्री पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “झोपंतनं उठून रडती ओ, म्याडम.” झोपेतून उठवणारं दुखणं म्हणजे कीड आतल्या नसेला भिडलेली असू शकते. एक्स-रे काढायला हवा होता. मी काढला नाही. तिसऱ्यांदा ठेवलेलं जेलही गढूळच. चौथ्यांदा खरवडताना स्वरा दचकली, डोळे भरून आले. दाराशी तीन-चार आया पोरं मांडीवर घेऊन बघत होत्या. आता खरं बोलायचं तर — सुई द्यावी लागेल, नसेचं काम करावं लागेल, पोर किंचाळेल. आणि माझं नाव? मी हत्यार खाली ठेवलं. नसेजवळची थोडी मऊ कीड ठेवून दात भरणं कधीकधी चालतं. दुखऱ्या दाढेत चालत नाही, आत पू साठत जातो. हे मला माहीत होतं. तरी वरून दातांचं सिमेंट भरलं. “झालं बघा, रडलीसुद्धा नाही.” बाया हसल्या. मीही हसले.

पुढचे आठ दिवस मी वाट बघत होते. कशाची, ते मला पक्कं ठाऊक होतं. बाहेर स्कूटी थांबली की हातातलं काम सोडून मी खिडकीतून बघायचे. एक फोन करून पोरीला परत बोलावता आलं असतं, नाही का? नाही केला.

नवव्या दिवशी सकाळी त्या तिघी आल्या. स्वराचा जबडा गळ्यापर्यंत सुजलेला, कातडी ताणून चकचकीत झालेली. तोंड उघडत नव्हतं, लाळ गळत होती, गिळता येत नव्हतं. ही सूज आत वळली तर श्वास कोंडतो. मला ते दिसत होतं. आणि मूल तशा अवस्थेत दारात उभं असताना मी काय केलं? मी आईला विचारलं, “काकवी देता का हिला?”

उसाच्या या मुलखात कुठल्या घरात काकवी नसते? चपातीला लावून सगळी पोरं खातात. ते माहीत होतं म्हणूनच तर विचारलं.

“आवं, थोडी देती की, पण दात घासून—”

“म्हणूनच झालंय हे.”

चोराच्या उलट्या बोंबा! सासूने तिथल्या तिथे कपाळावर हात मारला. “लय लाडावून ठिवलीस. पोरीचा जीव घेशील गं.” राजश्री पदराने पोरीची लाळ पुसत राहिली. मी चिठ्ठी लिहून त्यांना सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. चिठ्ठीत दाढ आधीपासून दुखत होती हे लिहिलं नाही. घरी गोड खाणं फार, एवढं मात्र लिहिलं.

स्वरा वाचली. हनुवटीखाली छेद देऊन पू काढावा लागला. बाप सुट्टी काढून आला आणि महिनाभर बायकोशी बोलला नाही — हे राजश्रीनेच मला सांगितलं, जखम दाखवायला आली तेव्हा. माझ्यासमोर हुंदके देऊन रडली. मी तिला पाणी दिलं. पाणी! त्या वेळी खोलीत आम्ही दोघीच होतो, आणि तरीही मला बोलता आलं नाही. भित्री आहे मी. माझी मलाच किळस येते.

त्याला तीन वर्षं झाली. राजश्री अजून माझ्याकडेच येते, आता धाकट्या बाळाला घेऊन. गेल्या मंगळवारी बाहेर बसलेल्या एका नव्या आईपुढे तिने स्वराला उभं केलं, हनुवटी वर करून व्रण दाखवला. “माझ्या हातनं झालंय हे. तुमी नका करू असं.” स्वरा मान वर करून निमूट उभी होती, रोजची सवय असल्यासारखी.

मी आतून सगळं ऐकलं. हातमोजे चढवले आणि पुढचं नाव पुकारलं.