क्रिसोलोगो तायतांची सुरगाठ

वायवाशच्या डोंगरांत परदेशी लोक तंबू घेऊन चालायला येतात आणि त्यांचं सामान आमच्या गावची गाढवं वाहतात. मी या तांड्यांबरोबर बावीस वर्षं स्वयंपाकी म्हणून जातोय. त्यामुळे गाढववाल्यांबद्दल चार शब्द बोलायचा मला अधिकार आहे. बहुतेक गाढववाले बढाईखोर असतात. क्रिसोलोगो रोके तसे नव्हते. त्यांना सगळे तायता म्हणायचे, म्हणजे बाबा. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं.

ते नऊ वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी त्यांच्या डोळ्यांवर फडकं बांधून त्यांना गाठी मारायला शिकवलं. घाटात धुकं उतरलं की काही दिसत नाही आणि गारठ्यात बोटांनाही कळत नाही, म्हणून हा प्रकार. पुढे ते लोकर घेऊन खाली किनाऱ्यापर्यंत गेले, दोन वर्षं सैन्यात राहिले, दोमिंताशी लग्न केलं. ती गेल्यावर पुन्हा लग्न केलं नाही. गाढवं मात्र कायम सात ठेवली.

ओझं बांधताना ते गाढवाच्या डोळ्यांवर अंगावरची घोंगडी, पोंचो, टाकत, म्हणजे ते हलत नाही. दोन्ही बाजूंना बोचकी, वर तंबू, मग लामाच्या लोकरीचा दोर पोटाखालून आणून वर फुलीसारखा आवळायचा आणि शेवटी सुरगाठ. हे ओझं आठ तास जागचं हलता कामा नये. पण टोक एकदा ओढलं की सगळं घरंगळून खाली आलं पाहिजे. गाढव नदीत आडवं झालं तर त्याला उठायला तेवढाच वेळ मिळतो. आमच्या वरच्या पठारावर तंबूच्या खुंट्याही धरत नाहीत. तिथे दोर दगडाला बांधावा लागतो, आणि तोही तायता अशाच गाठीने बांधत. पाहुण्यांना शिकायची फार हौस. तायता त्यांना तीन गाठी शिकवत. एक तंबूची, एक जनावराची, एक ओझ्याची.

"चौथी?" कुणीतरी विचारायचंच.

"चौथीसाठी लग्न करा," तायता म्हणायचे.

तांड्याबरोबर कधी कुणी जायचं त्या पाळीच्या यादीत नेमेसियाचं नाव यावं म्हणून ती दोन वर्षं पंचांच्या मागे लागली होती. नवरा खाणीवर गेला आणि तिथेच दुसरं घर करून राहिला. घरी सासू आणि चार गाढवं. आमच्या यादीत तोवर एकही बाई नव्हती. शेवटी एका हंगामापुरतं, बघू म्हणून, तिला घेतलं. एकही जनावर गेलं तर नाव कायमचं कापणार, असं आमचे सरपंच आब्सालोन यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. तिच्याबरोबर जायला कुणी तयार नव्हतं. तायतांनी तिला एक ओझं बांधायला लावलं आणि म्हणाले, "घट्ट आहे. आता सोडून दाखव." तिने टोक ओढलं, ओझं खाली. "चल माझ्याबरोबर."

मे महिन्यातल्या फेरीत पाचव्या दिवशी उतारावर तायतांचं एक ओझं आपोआप सुटलं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. नेमेसियाने ते परत बांधलं. मी तायतांचे हात मात्र पाहिले. चघळायची कोकाची पानं पिशवीतून काढताना अर्धी खाली सांडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किटली भरत होतो. तायता आपल्या चास्का नावाच्या गाढविणीवर ओझं बांधत होते. सुरगाठ मारून झाली. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि दोराचं टोक गाठीच्या फासातून घालून आवळून टाकलं. झाली निरगाठ. आता ती सुटून पडणार नव्हती आणि ओढून सुटणारही नव्हती. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. मी किटलीचं झाकण लावलं.

दुपारी नदी ओलांडताना चास्काचा पाय घसरला. ती ओझ्यासकट एका कुशीवर पडली आणि तिचं डोकं पाण्याखाली गेलं. पाणी जेमतेम मांडीपर्यंत होतं. नेमेसिया उडी टाकून तिच्याजवळ पोचली आणि तिने टोक ओढलं. दोनदा, तीनदा ओढलं. मग कमरेचा सुरा काढून ओला दोर कापायला लागली. दोर तुटेपर्यंत गाढवीण गेली होती. तायता काठावर उभे होते. नंतर त्यांनी तुटलेल्या दोराची गाठ दातांनी सोडवली आणि दोर गुंडाळून ठेवला.

रविवारी शाळेच्या मैदानात सभा भरली.

"ओढलंस का टोक?" आब्सालोननी विचारलं.

"ओढलं. सुटलं नाही," नेमेसिया म्हणाली.

लोक हसले. "तायतांची गाठ सुटली नाही म्हणे! उद्या म्हणशील, गाढवीण उडून गेली."

"घाबरली असेल, दुसरंच टोक ओढलं असेल."

"चुलीपुढचं टोक ओढायची सवय ना!"

"तुझ्या बायकोने कुठलं टोक ओढलं रे, की तू घरात ओझ्यासारखा पडून असतोस?" नेमेसियाने त्याला तिथल्या तिथे सुनावलं. पुन्हा हशा पिकला, पण तेवढ्याने कुणी तिच्या बाजूला आलं नाही. मग तिने माझ्याकडे बघितलं. नदीवर तिघंच होतो आम्ही. पाहुणे पुढे निघून गेले होते.

मी मूग गिळून बसलो. खरं सांगतो, मला तायता हवे होते. हात कापतात हे पंचांना कळलं असतं तर त्यांचं नाव यादीतून गेलं असतं. ते आणि मी किती पठारं बरोबर चाललो होतो! नेमेसिया माझी कोण लागत होती? माझी मला लाज वाटत होती.

आब्सालोननी वही उघडली, पेन काढलं.

"थांब रे," तायता म्हणाले. "दोर आण एक."

दोर आणला. तायतांनी तो बाकाच्या पायाला गुंडाळला आणि सुरगाठ मारायला लागले. बोटं थरथरत होती. फास हातातून निसटला. पुन्हा केला, पुन्हा निसटला. मैदानावरची पन्नास माणसं बघत होती. तिसऱ्यांदा फास राहिला. मग त्यांनी टोक त्यातून घालून आवळलं.

"ओढ आता."

आब्सालोननी ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. बाक सरकला, गाठ सुटली नाही.

"तिने ओढलं होतं," तायता म्हणाले. "ही अशी गाठ होती आणि ती माझी होती. आदल्या दिवशी माझं ओझं सुटलं, म्हणून भीतीने मारली. हिचं नाव राहू दे. माझं काप."

आब्सालोननी पेन खाली ठेवलं. "तायता, एक हंगाम घरी बसा, पुढे बघू," असंही म्हणाले. तायतांनी नकारार्थी मान हलवली. शेवटी त्यांचंच नाव कापलं. नेमेसिया उठून बाकाजवळ गेली आणि ती गाठ सोडवत बसली.

संध्याकाळी मी बटाट्याचं सूप घेऊन तायतांकडे गेलो. गाढवं दारात बांधलेली होती. आता सहा. त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी धरला.

"त्या सकाळी तू पाहिलं होतंस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला वाटलं होतं, तू बोलशील. तुझ्या तोंडून आलं असतं तर मी नुसता हो म्हणालो असतो." त्यांनी सूपचा घोट घेतला. "हात नसते दाखवावे लागले. म्हणून मी एवढा वेळ थांबलो होतो."

त्यांनी सावकाश सूप संपवलं. मीठ कमी आहे म्हणाले. ते खरंच कमी होतं.