कडेचा गुलाब

आईला फोटोत कधी मध्ये उभं राहता आलंच नाही. "तुम्ही उभे राहा गं, मी आलेच," म्हणायची, आणि गॅस बारीक करून येईपर्यंत सगळे चिकटून उभे असायचे. मग ही कडेला, पदराला हात पुसत. लालबागची खोली सोडून आम्ही भाईंदरला फ्लॅट घेतला, त्याच्या वास्तुशांतीला तर ती एकाच फोटोत आली. आरतीचं ताट धरून, अगदी डाव्या काठाला. पुढच्या वर्षी बाबा गेले. दोघांचा एकत्र असा तो शेवटचाच फोटो.

मी तेव्हा मोबाइलवर फोटोंना फ्रेम लावायला नुकतीच शिकले होते. सोनेरी पट्टी, कोपऱ्यांत गुलाब, मध्ये माणसं. ग्रुपवर सगळ्यांनी वा वा केलं आणि मी चढले हरभऱ्याच्या झाडावर! फोनमध्ये जागा उरेना, म्हणून बिनफ्रेमचे साधे फोटो मीच पुसून टाकले. गुलाब कोणाच्या तोंडावर बसलाय हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, हे जास्त लागतं.

आता आई विसरत चाललीय. डॉक्टर म्हणाले, जुने फोटो दाखवत जा, माणसं ओळखू दे. तो फोटो उघडला. आईच्या चेहऱ्यावर हा एवढा गुलाब. खाली नुसतं ताट आणि हिरव्या बांगड्यांचा हात.

तशीच स्टेशनजवळच्या फोटोवाल्याकडे गेले. "मॅडम, फूल हटाऊँगा तो नीचे कुछ नहीं है. ओरिजिनल लाओ."

"ओरिजिनल होता तो आपके पास काहे को आती?" उगाच भडकले त्याच्यावर. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? आधार कार्डावरचा चेहरा चिकटवून देतो म्हणाला. पण तो चेहरा बघून आई हल्ली विचारते, ही म्हातारी कोण?

शेवटी दुपारी तसाच फोटो तिच्यापुढे धरला. "हे आमचे हे," ती चक्क लाजली. "ही तू. किती बारीक होतीस गं!" बोट सरकत सरकत गुलाबापाशी थांबलं. "आणि मी?"

"हा बघ ना, तुझा हात."

तिने निरखून पाहिलं. "छे, शेजारीण असेल कोणीतरी." माझे डोळे भरलेले बघून मलाच समजावायला लागली. "अगं, मी आत असणार. एवढी माणसं जेवायला, पुऱ्या कोण तळणार?"

स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "मला हाक मारली होती ना गं कोणी, फोटोला?"

"मारली होती, आई," मी म्हटलं. "तू आलीही होतीस."