शाई फुटलेली रेघ

माझे बाबा स्वतःचे केस स्वतः कापतात, आणि ते दिसतं. पुढून माणूस बरा, मागून पाहिलं की डोक्याला पायऱ्या. आम्ही भावंडं लहानपणापासून त्यांना चिक्कूशेठ म्हणत आलो, अर्थात ते घरात नसताना. आईने सांगून पाहिलं, रडून पाहिलं, माझ्या बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तर अबोला धरून पाहिला. बाबांनी दोन आरसे समोरासमोर लावले, कात्री घेतली आणि लग्नाच्या सगळ्या फोटोंत पायऱ्या आल्या.

ते तीन महिन्यांसाठी माझ्याकडे नेदरलँड्समध्ये, आल्मेरेला राहायला आले, तेव्हा चेक-इनच्या बॅगेत कात्री होती आणि लोणच्याच्या बरण्यांसोबत धोतरात गुंडाळलेले ते दोन आरसे. पहिल्याच आठवड्यात मी सांगितलं की स्टेशनजवळ एक चांगला सलूनवाला आहे, मी सोबत येते. बाबा म्हणाले, हात आहेत अजून. मी विषय सोडला, कारण मला तेव्हा माझ्याच डोक्याची काळजी होती.

मी आम्सटरडॅमला डॉक्टरेट करते. एकोणिसाव्या शतकात छोट्या गावांनी आपले मधले भाग पाडून नवे कसे बांधले, असा आमच्या प्रकल्पाचा विषय. डच गावं डच सहकाऱ्यांनी वाटून घेतली, कारण जुन्या हस्ताक्षरातलं डच मला वाचता येत नाही. मला इंग्रजी येतं म्हणून माझ्या वाट्याला एक इंग्लिश गाव आलं. म्हणजे भारतीय बाईने नेदरलँड्समध्ये बसून इंग्रजांची बाजारपेठ अभ्यासायची, आणि ती बघायला इंग्लंडचा व्हिसा वेगळा काढायचा. माझ्या मावशीला हे मी तीनदा समजावलं. चौथ्यांदा तिने विचारलं की ते सगळं ठीक आहे, पण तुझं शिक्षण संपणार कधी.

त्या गावाचं नाव सांगत नाही, त्याने माझं काही वाईट केलेलं नाही. तिथल्या पुढाऱ्यांनी एक सुधारणा कमिटी नेमली, जुनी पेठ पाडली, बाजारभवन बांधलं, घड्याळाचा मनोरा उभा केला आणि बाजारापासून रेल्वे स्टेशनपर्यंत रुंद रस्ता काढला. हा रस्ता फूटपट्टी लावल्यासारखा सरळ जातो. फक्त मध्यावर, समोरून नको असलेला पाहुणा येताना दिसावा तसा, तो डावीकडे सरकतो आणि पुढे पुन्हा काही झालंच नाही असा सरळ होतो. हे वळण का, ते कमिटीच्या कागदांत कुठेही नाही. जेवणावळीत कुठलं मटण होतं ते आहे.

मी माझ्या परीने कारण शोधलं होतं. स्टेशनवरून येणाऱ्याला घड्याळाचा मनोरा एकदम नजरेस पडावा म्हणून हे वळण, असं मी प्रबंधाच्या प्रकरणात ठोकून दिलं. 'दृश्यानुभव' असा भारी शब्दही त्यात पेरला. माझ्या मार्गदर्शक बाई डच आहेत. डच माणूस तोंडावर खरं बोलतो आणि मग कॉफी देतो. त्यांनी नकाशावर पेन्सिल ठेवून दाखवलं की त्या वळणावरून मनोरा दिसतच नाही, मध्ये गोदाम येतं. प्रकरण दुसऱ्यांदा परत आलं होतं. तिसऱ्यांदाही वळण उलगडलं नाही तर इंग्लिश गाव प्रकल्पातून वगळावं लागेल, आणि मग माझ्या शेवटच्या वर्षाचं करारपत्र निघणार नाही, असं त्यांनी कॉफी ढवळत शांतपणे सांगितलं. तुझ्या जागी मी असते तर मला भीती वाटली असती, असंही म्हणाल्या. मला वाटलीच.

आता खरी गंमत. बाबा आमच्या गावच्या नगरपालिकेत आरेखक होते. रस्तारुंदीकरणाचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मी रस्त्यांच्या इतिहासावर डॉक्टरेट करतेय आणि रस्ते आखणारा माणूस माझ्याच स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलाय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्या घरात शिकलेलं माणूस म्हणजे मी. बाबा दिवसभर आल्मेरेत पायी फिरायचे आणि संध्याकाळी येऊन अहवाल द्यायचे. हे गाव समुद्र हटवून वसवलंय, वयाने त्यांच्यापेक्षाही लहान, याचं त्यांना फार कौतुक. म्हणाले, कुणाचं घर पाडावं लागलं नाही, माशांना तेवढी नोटीस दिली असेल.

एका रविवारी सकाळी मी मोठ्या स्क्रीनवर त्या रस्त्याचा मूळ नकाशा उघडून नुसती बसले होते. बाबा पोह्यांची बशी घेऊन आले आणि मागे उभे राहिले. आधी त्यांनी अक्षराचं कौतुक केलं, असं वळणदार अक्षर हल्ली कोण काढतं म्हणाले. मग म्हणाले, मोठं कर. मी केलं. अजून मोठं कर. नाक स्क्रीनला टेकेल इतके ते वाकले.

"इथे शाई फुटलीये," ते म्हणाले.

खरंच, रस्त्याची रेघ सगळीकडे केसासारखी बारीक आणि नेटकी होती, आणि नेमकी वळणावर तिच्या कडेने बारीक बारीक झिरमिळ्या निघाल्या होत्या. मी तो नकाशा दोन वर्षं बघत होते. बाबांनी समजावलं की पक्की शाई कागदावरून काढायची तर ब्लेडने अलगद खरवडावी लागते. खरवडलं की कागदाची लकाकी जाते, आणि त्या जागेवर पुन्हा रेघ मारली की शाई फुटते. म्हणजे इथे आधी सरळ रेघ होती. ती कुणीतरी खरवडून वाकडी केली, आणि तीही नकाशा पक्का झाल्यावर.

मग त्यांनी वकिलासारखं विचारलं की उजवीकडे काय आहे. बिअरचा कारखाना. डावीकडे? एक टोपल्या विणणारा, आणि घरात लहान मुलांची शाळा चालवणारी एक विधवा. सरळ रेघ कारखान्याच्या आवारातून जात होती, वाकडी या दोघांच्या घरांवरून गेली. कारखानेवाला कमिटीत होता का, असं त्यांनी पोहे खात विचारलं. मी नोंदी उघडल्या. होता. ज्या बैठकीत रस्ता मंजूर झाला तिथे तेवढ्या विषयापुरते गृहस्थ खोलीबाहेर गेले होते, असं कारकुनाने इमानदारीने लिहून ठेवलं होतं. बाबांना हसता हसता ठसका लागला. आमचेही जायचे, म्हणाले, चहाला.

मी आठवडाभरात प्रकरण नव्याने लिहिलं. इतकी मजा मला डॉक्टरेटमध्ये कधी आली नव्हती. खरवडलेला कागद, खोलीबाहेर गेलेला कारखानेवाला, दोन पाडलेली घरं. सगळं जागच्या जागी बसलं. नकाशाच्या कोपऱ्यात आरेखकाची सही होती. त्याच्याबद्दल मी एक वाक्य घातलं, की तो बिचारा हुकमाचा ताबेदार, त्याला यात दोष देता येणार नाही. खरं तर ते वाक्य बाबांसाठी होतं. मी त्यांना समोर बसवून प्रकरण मराठीत करून वाचून दाखवलं आणि त्या वाक्यापाशी आवाज जरा मऊ केला. त्यांना बरं वाटेल असा माझा अंदाज होता.

बाबांनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "ते वाक्य काढ."

का, असं मी विचारलं. साहेबांनीच सांगितलं असणार, त्याने काय करायचं होतं?

"साहेबाला घर दिसत नाही, नंबर दिसतो. रेघ काढणाऱ्याला दिसतं. त्याला सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते आईलाही माहीत नव्हतं. आमच्या गावच्या मेनरोडचं रुंदीकरण निघालं तेव्हा आखणीची सरळ रेघ नगराध्यक्षांच्या व्याह्यांच्या कापडदुकानातून जात होती. साहेबांनी ती हलवायला सांगितली. बाबांनी अर्ध्या ब्लेडने खरवडली आणि समोरच्या बाजूला सरकवली. समोर सलून होतं, जिथे बाबा कॉलेजात असल्यापासून केस कापायला जात होते. नकाशा जाहीर व्हायला अजून वेळ होता आणि तो बाबांच्या टेबलाच्या खणात होता. तेवढ्यात बाबांचे केस वाढले. ते नेहमीसारखे जाऊन खुर्चीत बसले, त्या माणसाने गळ्याभोवती कापड बांधलं, मानेवर वस्तरा ठेवला आणि सहज विचारलं.

"भाऊसाहेब, आमचं काही जात नाही ना रुंदीकरणात?"

"मी 'नाही' म्हणालो," बाबा म्हणाले.

त्या माणसाने त्या आनंदात बाबांच्या डोक्याला तेल लावून मालीश केली, न सांगता. दोन महिन्यांनी दुकान गेलं. त्यानंतर बाबा कुठल्याही सलूनच्या खुर्चीत बसले नाहीत.

मी चिक्कूशेठ हे नाव ठेवणारी. बहिणीच्या लग्नात मागून फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवणारीही मीच. मला इतकी लाज वाटली की मी उठून उगाचच चहा टाकला, आणि तो कुणीच प्यायला नाही.

वाक्य मी काढलं. त्या जागी लिहिलं की ही घरं जाणार हे आरेखकाला सर्वांच्या आधी ठाऊक होतं. प्रकरण बाईंकडे गेलं आणि चार दिवसांत परत आलं. त्यांना ते आवडलं होतं. शाईचा पुरावा तर त्यांनी सगळ्या विभागाला दाखवला, आणि शेवटचं वर्ष मिळेल असं सांगून टाकलं. फक्त एका वाक्याखाली लाल रेघ होती. समासात लिहिलं होतं की त्याला ठाऊक होतं हे तुला कशावरून कळलं, तळटीप कुठे आहे.

बाबा तेव्हा बाल्कनीत केस कापत होते. एक आरसा कुंडीला टेकवलेला, दुसरा मी मागे धरला होता, कारण नाहीतरी वाईट होणारच होते, निदान थोडे कमी वाईट व्हावेत. मी त्यांना बाईंचा प्रश्न सांगितला. म्हटलं, तुमचं नाव घालते, निवृत्त आरेखकाशी प्रत्यक्ष संभाषण, असं चालतं.

"माझं नको. त्याचं घाल," ते म्हणाले. "नाव एकदा कुठेतरी छापून येऊ दे त्याचं."

मी म्हटलं की बाबा, तो न्हावी, आपल्या गावचा, आणि हे इंग्लंडचं गाव, शंभर वर्षांपेक्षा जुनं. बाई विचारतील हा कोण.

"मग सांग कोण ते."

मी आरसा त्यांच्या हातात दिला, लॅपटॉप आणला आणि फरशीवर बसून टाइप करायला लागले. त्यांनी संपूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, पाटीवर होतं तसं. मग मी पत्ता विचारला, तळटिपेत ठिकाण लागतं म्हणून.

बाबांनी मानेमागे कात्री नेली होती, ती तशीच थांबवली. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "पत्ता नाही गं. तिथे आता रस्ता आहे."