शेवग्याचा डोंगा

नंदलाल ढिवराचा स्वभाव असा, की चहा बिघडला तर तो चहाला बोल लावणार नाही, थेट गवळ्याच्या म्हशीपर्यंत जाणार. चूक आपली आहे हे त्याने पासष्ट वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं, आणि नेमकी तीच चूक त्याची नव्हती. ही त्या एका कबुलीची गोष्ट आहे.

अर्जुनी मोरगावच्या बाजूला त्याचं गाव. गावाच्या अंगाला मोठा तलाव, आणि मासेमारी करणाऱ्या ढिवरांची वीसेक घरं त्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या उताराला. लग्न झालं त्या वर्षी नंदलालने आंब्याचं एक अख्खं खोड कोरून डोंगा केला. डोंगा म्हणजे एकाच लाकडाची अरुंद, लांबुळकी होडी. कोरताना दर दोन दिवसांनी तो नव्या नवरीला, फुलवंताला, त्यात बसवून पाही. "थोडी समोर सरक. अजून. हां, आता हालू नको." समोर ती, मागे तो, आणि मग वाकस घेऊन पुन्हा तासायला सुरुवात. बायकोला मापाला बसवणारा नवरा पाहून सगळा मोहल्ला हसला होता.

तो डोंगा चाळीस वर्षं पाण्यावर चालला. समोर बसून फुलवंता जाळं सोडायची, मागे बसून नंदलाल बांबूने डोंगा ढकलायचा. ती म्हणायची, "डाव्या हाताले घ्या." तो म्हणायचा, "तू जाळं पाह्य. डोंगा मी चालवतो." मग गुपचूप डावीकडेच घ्यायचा. एवढी वर्षं ती समोर बसली, की ती तिथे बसते हे त्याच्या ध्यानातही राहिलं नाही. भिंतीला कोण विचारतं, की बाई तू छप्पर धरून आहेस का?

मागल्या भादव्यात फुलवंता तापाने गेली. दिवाळी झाल्यावर नंदलाल एकटाच डोंगा घेऊन निघाला. काठापासून पंधरा हातही गेला नसेल, डोंगा लटपटला आणि उलटला. पोहणाऱ्याला पाण्याचं काय, तो आला बाहेर. पण जाळं गेलं आणि त्यापेक्षा मोठं म्हणजे इभ्रत गेली. काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी पदराआड हसू लपवलं. कोणीतरी म्हणालं, "नंदलाल बुढा झाला गा." त्या दिवशी त्याने पाण्याला शिवी दिली नाही, वाऱ्याला नाही, लाकडालाही नाही. ओल्या धोतराने घरी आला आणि सुनेला म्हणाला, "माझाच हात गेला, अल्का. आता नाई जमत."

डोंगा जांभळाखाली पालथा पडला. नंदलाल ओसरीवर तलावाकडे पाठ करून बसू लागला. मुलगा उमेंद्र गोंदियाजवळ कुडव्याला एका दुकानात कामाला, आठवड्याला येणारा. त्याला वाटलं, बाप सुखात बसला आहे. अल्काला तसं वाटत नव्हतं, पण ती देवरीकडच्या जंगलातली, पाण्याला भिणारी. सासरा काठावर जात नाही याचं तिला मनातून बरंच वाटे. शेवटी शेजारच्या गावचा मावसभाऊ केवलराम डोंगा मागायला आला, तेव्हा नंदलाल पटकन बोलून गेला, "सोमवारी घेऊन जा." बोलला आणि दोन दिवस नीट जेवला नाही.

शनिवार उजाडला. उन्हाळ्याची सुट्टी. अंगणात गुरांना पाणी पाजायचं सिमेंटचं टाकं, त्यात सहा वर्षांची नात टीना आणि शेजारचा राजदीप कागदाच्या नावा सोडत होते. नाव दोन मिनिटांत भिजून लगदा व्हायची. अर्धी वही संपल्यावर टीना आजोबासमोर येऊन उभी राहिली.

"आजा, तुले नाव बनवता येते?"

"मले?" नंदलालला असा राग आला, की तो सहा महिन्यांनी पहिल्यांदा ताठ बसला. "अख्खा डोंगा बनवला मी, नाव काय विचारतेस!"

वाऱ्याने पडलेली शेवग्याची फांदी परसात होती. शेवग्याचं लाकूड मऊ आणि हलकं, पोरांच्या हातालाही ऐकणारं. नंदलालने तिचे वीतभर तुकडे केले, बाहेरून वाकसाने आकार दिला आणि आतलं कोरायला पोरांना जुने चमचे आणि छपराच्या फुटक्या कवेलूचे तुकडे दिले. "घासा. लाकूड घाई केल्यानं ऐकत नाई." पोरं जीभ बाहेर काढून घासत बसली. त्याने स्वतःचा तुकडा मात्र आपल्या डोंग्याच्या हुबेहूब घाटाचा केला. तेच निमुळतं टोक, तोच बारीक पोटाचा घेर. हातांना सगळं पाठ होतं.

डोंगा टाक्यात सोडला आणि तो लगेच कुशीवर लोळला.

राजदीप खदखदून हसला. "आजा, तुहा डोंगा तर झोपून राहिला!"

"रिकामा डोंगा लोळतेच," नंदलाल खेकसला. "डोंग्यात मानूस पाहिजे."

टीनाने ते शब्दशः घेतलं. टाक्याखालचा चिखल घेऊन तिने एक माणूस वळला, त्याच्या डोक्याला फडक्याची चिंधी गुंडाळली. "हा तू होय, आजा," म्हणत तिने तो डोंग्याच्या मागल्या टोकाला बसवला, कारण आजा मागे बसतो हे तिने पाहिलेलं होतं.

डोंग्याचं नाक वर उचललं गेलं. तो लटपटला आणि उलटला.

नंदलाल टाक्यावर वाकला. असंच. अगदी असंच झालं होतं. नाक वर, मग लटपट, मग पाणी.

"थांब, थांब," टीना म्हणाली. "आजी काऊन नाई बसवली आपन?" तिने दुसरा गोळा वळला, थोडा बारीक, आणि समोर ठेवला. मागे आजोबा पुन्हा बसवला. डोंगा एकदा हलला, सरळ झाला आणि टीनाने हाताने केलेल्या लाटेवर टाक्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत नीट गेला.

पोरं नाचू लागली. नंदलाल टाक्याची कड धरून तसाच बसला. त्याचा हात गेला नव्हता. दोघांच्या मापाच्या डोंग्यात तो एकटा बसला होता, एवढंच झालं होतं. चाळीस वर्षं तो म्हणत आला, डोंगा मी चालवतो. तो तिथेच पोरांदेखत रडला, आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

अल्का धावत बाहेर आली. "काय झालं, बाबा?"

"तुही सासू," त्याने डोळे पुसले. "थे समोर बसत होती म्हणून डोंगा चालत होता. मीच मूर्ख!" मग जरा थांबून तिच्याकडे न पाहता म्हणाला, "तू बसशील का समोर?"

"मी? मले तर पोहता बी येत नाई!"

"गुडघाभर पान्यातच राहू. तुले चांगलं जमल्याबिगर पुढं नाई जायचं."

अल्काने चिखलाच्या त्या दोन गोळ्यांकडे पाहिलं, सासऱ्याच्या ताठ झालेल्या पाठीकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "टीनाले काठावर बसवून ठेवा. आनि मी ओरडली तर हसायचं नाई."

रविवारी नंदलालने डोंग्याच्या भेगांत डांबर भरलं आणि संध्याकाळी तो काठच्या पाण्यात बुडवून ठेवला, लाकूड फुगावं म्हणून.

सोमवारी सकाळी केवलराम बैलगाडी घेऊन आला. जांभळाखाली पालथ्या डोंग्याची नुसती पांढरी खूण होती, गवत न उगवलेली. काठावर टीना शेवग्याचा डोंगा मांडीवर घेऊन पहारा देत होती. समोर उथळ पाण्यात अल्का दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून बसली होती, आणि मागे नंदलाल बांबू रोवून डोंगा ढकलायच्या बेतात.

"नंदलाल!" केवलराम ओरडला. "डोंगा नेयाले आलो गा मी!"

नंदलालने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात पुढून अल्काचा घाबरा आवाज आला, "बाबा, डाव्या हाताले घ्या, डाव्या!"

त्याने डावीकडे घेतलं, आणि या वेळी मोठ्याने म्हणाला, "हो, बाई. घेतो."